धर्मगुरू कोठे घडावा?
लुव्हेनचे अमेरिकन कॉलेज आणि आपण

बीड जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. एखाद्या गावाच्या कडेला चार घरे, पुढच्या गावी सहा, तालुक्याच्या ठिकाणी जरा अधिक, अशी ही वस्ती. अशा वस्तीवर फादर मिस्सा अर्पण करण्यास येतात, तेव्हा ते कोणत्या गावचे, कोणत्या भाषेचे, कोठे शिकले, अशा चौकशा घराघरांतून होतात. ह्या चौकशा भाबड्या वाटल्या, तरी त्यांच्या पोटात ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे. ज्या भूमीत सुवार्ता सांगायची, तिच्यासाठी धर्मगुरू कोठे घडवावा? दूरदेशीच्या संपन्न, ज्ञानसमृद्ध गुरुविद्यालयात, की त्याच भूमीच्या मातीत?

ह्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस बेल्जियममधील लुव्हेन शहरी १८५७ साली स्थापन झालेल्या एका सेमिनरीची कथा बोधप्रद वाटते. ती सेमिनरी युरोपात होती आणि तिचे धर्मगुरू अमेरिकेसाठी घडत होते. अमेरिकेचा आणि बीडचा संबंध काय, असे वाचक विचारतील. तो संबंध पुढे यथाक्रम स्पष्ट होईल.

आजची बलाढ्य अमेरिका कॅथलिक ख्रिस्तसभेच्या दृष्टीने एकेकाळी निव्वळ मिशनभूमी होती, हे आज सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मिशनदेशांचा कारभार पाहणारी ‘प्रोपागांदा फिदे’ ही परिषद रोममध्ये १६२२ साली स्थापन झाली. अमेरिकेची संयुक्त संस्थाने १९०८ सालापर्यंत ह्याच परिषदेच्या देखरेखीखाली होती. त्या देशाला पहिले बिशप, जॉन कॅरल, १७८९ साली मिळाले, आणि पहिली सेमिनरी १७९१ साली बाल्टिमोर येथे फ्रान्सहून आलेल्या सुल्पिशियन धर्मगुरूंनी काढली. म्हणजे तेथील आरंभही परदेशी हातांनीच झाला.

पुढे १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ झाला आणि लक्षावधी आयरिश माणसे अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. जर्मन प्रदेशांतूनही लोंढे आले. ह्या लोकांत कॅथलिक पुष्कळ होते. त्यांना पापनिवेदन ऐकणारा, लग्न लावणारा, मरणाऱ्याला अभ्यंग करणारा धर्मगुरू हवा होता, आणि तोही त्यांची भाषा बोलणारा. इकडे ह्या परक्या कॅथलिकांविषयी तेथील जुन्या रहिवाशांत द्वेष पसरला होता. ६ ऑगस्ट १८५५ रोजी केंटकी राज्यातील लुइव्हिल शहरी निवडणुकीच्या दिवशी दंगल उसळली. आयरिश आणि जर्मन वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, कमीतकमी बावीस माणसे मृत्युमुखी पडली. त्या शहराचे बिशप मार्टिन जॉन स्पाल्डिंग होते. कळप वाढत होता, लांडगे टपले होते आणि मेंढपाळ अपुरे होते, अशी त्यांची अवस्था होती.

डेट्रॉइटचे बिशप पीटर पॉल लेफेव्हर हे मूळचे बेल्जियमचे. त्यांचे प्रतिनिधी फादर पीटर किंडेकेन्स १८५६ साली रोमला गेले. अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी रोममध्ये एखादे कॉलेज काढता येईल काय, ह्याचा शोध घेण्याचे कामही त्यांच्याकडे होते. रोममध्ये योग्य जागा मिळेना. तेव्हा किंडेकेन्स यांच्या मनात आपल्याच मायदेशाचा विचार आला. लुव्हेनचे विद्यापीठ १४२५ सालापासूनचे, विद्वत्तेसाठी युरोपभर ख्यातनाम. बेल्जियमच्या खेड्यापाड्यांत धर्मगुरू होऊ इच्छिणारे तरुण पुष्कळ आणि श्रद्धावंत दातेही पुष्कळ. त्यांनी परत येऊन अमेरिकेच्या बिशपांना पत्रे धाडली. पुढे सरसावले ते दोघेच, लेफेव्हर आणि स्पाल्डिंग. ह्या दोघांच्या आधारावर १९ मार्च १८५७ रोजी, संत योसेफच्या सणादिवशी, लुव्हेनचे अमेरिकन कॉलेज सुरू झाले. किंडेकेन्स हे त्याचे पहिले रेक्टर.

कॉलेजचे उद्दिष्ट दुहेरी होते. युरोपातील तरुणांना अमेरिकेच्या मिशनकार्यासाठी तयार करावे, हे पहिले. अमेरिकेतील निवडक तरुणांना लुव्हेनच्या विद्यापीठात उच्च धर्मशिक्षण मिळावे, हे दुसरे. पहिल्या उद्दिष्टाची फळे लवकर दिसली. फादर एड्रियन क्रोके हे बेल्जियन धर्मगुरू येथून ओरेगॉनला गेले. ग्रँड रोंड येथे, आपल्या भूमीवरून हुसकावून राखीव प्रदेशात कोंडलेल्या आदिवासींमध्ये, त्यांनी १८६० पासून १८९८ पर्यंत अडतीस वर्षे काढली. चार्ल्स सेगर्स हे गेंट शहरचे तरुण १८६३ साली गुरुदीक्षा घेऊन व्हॅन्कुव्हर बेटावर गेले, पुढे आर्चबिशप झाले आणि १८८६ साली अलास्काच्या बर्फात आपल्याच एका सोबत्याच्या गोळीला बळी पडले. ह्या माणसांच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. आमची भूमिका परदेशी धर्मगुरूंना नावे ठेवण्याची नाही, हे येथेच सांगून ठेवतो.

तथापि एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ग्रँड रोंडच्या आदिवासींच्या मुलांनी धर्मगुरू व्हावे, म्हणून लुव्हेनची योजना आखलेली नव्हती. त्यांनी कृपादान घ्यावे आणि युरोपने ते द्यावे, अशीच ती रचना होती.

दुसऱ्या उद्दिष्टाचे फळ उशिरा दिसले, पण ते अधिक दूरगामी ठरले. बिशप स्पाल्डिंग यांचे पुतणे जॉन लँकेस्टर स्पाल्डिंग लुव्हेनला शिकले आणि इलिनॉयमधील पिओरिया येथे बिशप झाले. युरोपात जे ज्ञान त्यांनी पाहिले, ते आपल्या देशात का नसावे, ह्या ध्यासाने त्यांनी कॅथलिक विद्यापीठाचा आग्रह धरला. वॉशिंग्टनचे ते विद्यापीठ १८८९ साली उघडले. लुव्हेनच्या विद्यार्थ्याने लुव्हेनची निकड कमी केली, असे ह्या घटनेचे वर्णन करता येईल. रोममध्येही १८५९ साली अमेरिकनांचे स्वतंत्र कॉलेज उभे राहिले होते. लुव्हेनचे कॉलेज दुसऱ्या महायुद्धात बंद राहिले, १९५२ साली पुन्हा उघडले आणि २०११ साली कायमचे बंद झाले. दीडशेहून अधिक वर्षांच्या सेवेनंतरचा हा शेवट आम्हांस शोकांतिका वाटत नाही. पोर चालू लागले की पांगुळगाडा कोपऱ्यात जातो.

आता आपल्या घरी येऊ. अमेरिकेला १७९१ साली पहिली सेमिनरी मिळाली. गोव्यात १५४१ सालीच ‘सांता फे’ म्हणजे ‘पवित्र श्रद्धा’ नावाचे गुरुविद्यालय निघाले होते. प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी, असा ट्रेंट धर्मपरिषदेचा आदेश १५६३ सालचा. म्हणजे सार्वत्रिक आदेश निघण्यापूर्वी बावीस वर्षे आपल्या किनाऱ्यावर आशियातील नाना जातिजमातींच्या मुलांना शिकवण्यासाठी विद्यालय होते. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले, आणि पुढे हे विद्यालय येशूसंघीयांच्या हाती जाऊन संत पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाले. इतका लवकर आरंभ होऊनही एतद्देशीय धर्मगुरूंची वाट मात्र मोकळी झाली नाही. विद्यालय उघडणे निराळे आणि त्याच्या वेदीची पायरी उघडणे निराळे.

ह्याचे ज्वलंत उदाहरण म्हणजे मातेउस दे कास्त्रो. हे गोव्यातील दिवाडी बेटाचे, ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती. शिक्षण होऊनही गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना गुरुदीक्षा देण्याचे नाकारले. तेव्हा हा मानी तरुण खुष्कीच्या मार्गाने रोमला गेला. प्रोपागांदा परिषदेचे पहिले सचिव फ्रान्सेस्को इंगोली हे एतद्देशीय धर्मगुरूंचे खंदे पुरस्कर्ते होते. स्पॅनिश धर्माधिकारी हुआन बाउतिस्ता व्हिव्हेस यांनी आपला वाडा दिला आणि पोप आठवे अर्बन यांनी १ ऑगस्ट १६२७ रोजी तेथे मिशनदेशांसाठी ‘अर्बन कॉलेज’ स्थापिले होते. कास्त्रो ह्या नव्या कॉलेजात शिकले आणि रोममध्येच धर्मगुरू झाले. लुव्हेनच्या आधी दोनशे तीस वर्षे स्थापन झालेली ही युरोपातील मिशन-सेमिनरी. फरक एवढाच, की लुव्हेनने युरोपच्या मुलाला परदेशासाठी घडवले, तर अर्बन कॉलेजने परदेशच्या मुलाला त्याच्याच देशासाठी घडवले.

१६३७ साली कास्त्रो यांना बिशपपदाचा अभिषेक झाला. आधुनिक काळात लॅटिन विधीचे ते पहिले भारतीय बिशप. आदिलशाही मुलूख त्यांच्या अधिकारक्षेत्रात दिला गेला आणि त्यांनी आपले ठाणे डिचोलीस केले, कारण डिचोली तेव्हा पोर्तुगीजांच्या नव्हे तर आदिलशहाच्या हद्दीत होती. दख्खनच्या राज्यांत एका भारतीय बिशपाने सुवार्तेची धुरा वाहावी, ही रोमची योजना होती. पोर्तुगीज सत्तेने त्यांचा अधिकार मानला नाही. वाद, आरोप, पुन्हा रोमची वाट, असे त्यांचे सारे आयुष्य गेले आणि अखेर रोममध्येच त्यांचा अंत झाला. घडवणारे दूर आणि नाकारणारे जवळ, ह्या कात्रीत तो कर्तबगार माणूस सापडला.

येथे आपल्यालाही आत्मपरीक्षण करणे भाग आहे. ह्याच कास्त्रोंनी १६५३ साली ‘ब्राह्मणांचा आरसा’ ह्या अर्थाच्या नावाचे लेखन करून पोर्तुगीजांविरुद्ध आपल्या ज्ञातीचा कैवार घेतला. गोव्यात पुढे एतद्देशीयांना गुरुदीक्षा मिळू लागली, तेव्हा ती दीर्घकाळ मुख्यत्वे उच्च म्हणवणाऱ्या जातींनाच मिळाली. गोऱ्या कातडीने घातलेला आगळ निघाला, पण आतला अडसर आपणच घातला. जो स्वतः दाराबाहेर उभा राहिला होता, त्याच्याच लोकांनी दुसऱ्यासाठी दार लोटून घेतले, हे आपल्या ख्रिस्तसभेचे दुःखद सत्य आहे. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी दलित समाजांतून आलेला असल्याने हे सत्य बीडच्या वाचकाला अधिक बोचेल. ते बोचले पाहिजे.

ह्याच गोव्याने संत जुझे वाझही दिले. बाणावलीस १६५१ साली जन्मलेले वाझ युरोपात कधीच शिकले नाहीत. गोव्यातच त्यांचे शिक्षण झाले आणि १६७६ साली गुरुदीक्षा. कॅथलिक धर्मगुरूंना डचांनी मज्जाव केलेल्या सिलोनमध्ये ते १६८७ साली मजुराच्या वेशात उतरले, तमिळ आणि सिंहली शिकले, आणि १७११ साली कॅंडी येथे निवर्तले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली कोलंबोत त्यांना संतपद दिले. देशी गुरुविद्यालयातून निघालेला धर्मगुरू दुसऱ्या देशाचा प्रेषित होऊ शकतो, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा कोणता हवा?

एकोणिसाव्या शतकात आपल्या मुलखात युरोपीय मिशनांची नवी लाट आली. फ्रान्सच्या आल्प्स पर्वताजवळील ॲनसी येथे फादर पियेर मेर्मिये यांनी १८३८ साली संत फ्रान्सिस दे सालेस यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापिला. त्याचे सदस्य १८४५ साली भारताकडे निघाले, नागपुरास आले, आणि शतकाच्या अखेरीस औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यातील घोगरगावी पोचले. मराठवाड्याच्या कॅथलिक श्रद्धेचे मूळ ह्या फ्रेंच पावलांत आहे. पश्चिमेकडे, शेजारच्या नगर जिल्ह्यात, जर्मन येशूसंघीयांचे मिशन होते. त्यातील फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली राहुरीजवळील केंदळ येथून ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. परदेशी सेमिनरीत घडलेला माणूस आपल्या भाषेचा किती सेवक होऊ शकतो, ह्याचे हे उदाहरण. त्याआधीचे थोर उदाहरण म्हणजे १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स.

पण परावलंबनाची किंमत १९१४ साली मोजावी लागली. महायुद्ध पेटताच जर्मन धर्मगुरू इंग्रज सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कित्येकांना नजरकैदेत ठेवून पुढे मायदेशी पाठवण्यात आले. १९०७ साली पुण्याचे बिशप झालेले डोरिंग आपल्या धर्मप्रांतास अंतरले. १९२१ साली त्यांची नेमणूक जपानमध्ये हिरोशिमा येथे झाली आणि पुण्यास ते १९२७ साली परत आले. युरोपातील राजांच्या भांडणाने नगर-पुण्याच्या खेड्यांतील मेंढरे मेंढपाळावाचून राहिली. त्यांनी कोणाचे काय वाईट केले होते?

ही आपत्ती येण्यापूर्वीच रोमने तिचा उपाय ओळखला होता. पोप तेरावे लिओ यांनी १८८६ साली भारतात धर्मप्रांतांची रीतसर रचना केली आणि २४ जून १८९३ च्या पत्रात एतद्देशीय धर्मगुरूंची निकड सांगितली. परदेशी धर्मगुरू ह्या ना त्या कारणाने जावे लागले, तर येथील श्रद्धावंतांचे काय होईल, ही चिंता त्या पत्रात आहे. १९१४ सालाच्या एकवीस वर्षे आधी! त्याच वर्षी पोपप्रतिनिधी झालेस्की यांच्या पुढाकाराने कॅंडी येथे भारत आणि सिलोनसाठी पेपल सेमिनरी स्थापन झाली. संत जुझे वाझ यांनी जेथे देह ठेवला, ते हेच गाव. अध्यापनाचे काम बेल्जियन येशूसंघीयांकडे दिले गेले आणि फादर ग्रोजाँ पहिले रेक्टर झाले. ज्या बेल्जियमने छत्तीस वर्षांपूर्वी अमेरिकेसाठी आपल्या घरात सेमिनरी उघडली होती, त्याच बेल्जियमने आता गुरुजनांना आपल्याकडे पाठवले आणि शिष्य आपलेच घेतले. भारताच्या तारणाचे सेवक भारताचेच पुत्र असावेत, हा त्या सेमिनरीच्या ब्रीदवाक्याचा आशय.

हीच सेमिनरी १९५५ साली पुण्यास आली. नगर रस्त्यावर तिची वास्तू आहे. पुण्याहून नगरमार्गे बीडकडे जाणारी एस.टी. त्याच रस्त्याने धावते. रोमपर्यंत पायपीट करणाऱ्या कास्त्रोंना जे अंतर तोडावे लागले, ते आता एका दिवसाच्या प्रवासावर आले. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला आणि बीड जिल्हा त्यात आला. मग प्रश्न सुटला काय?

आमच्या मते अर्धाच सुटला. सेमिनरी देशात आली, पण तिची भाषा प्रथम लॅटिन होती आणि मग इंग्रजी झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला स्थान दिले, आणि मिस्सा मराठीत आली. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मात्र तरुण अजूनही बहुधा इंग्रजीत शिकतो. आष्टी-पाटोद्याच्या किंवा गेवराईच्या वस्तीवरून आलेला मुलगा आठ-दहा वर्षांच्या अभ्यासानंतर आपल्याच आजीशी पापक्षमेविषयी बोलताना अडखळू लागला, तर भौगोलिक अंतर मिटूनही दुसरे अंतर उरतेच. सेमिनरी बीडला आणून बांधली, तरी ते अंतर आपोआप जाणार नाही. वाझ सिलोनचे नव्हते आणि स्टीफन्स महाराष्ट्राचे नव्हते. तरीही ते तेथले झाले, कारण त्यांनी लोकांची भाषा आणि लोकांचे जिणे आपलेसे केले. ज्या लोकांसाठी धर्मगुरू घडतो, त्यांच्या जिण्याला त्याच्या शिक्षणात जागा आहे की नाही, हीच लुव्हेनपासून पुण्यापर्यंतच्या प्रत्येक गुरुविद्यालयाची खरी कसोटी होय.

ह्या कसोटीचा बीडमधील अर्थ अगदी उघड आहे. दसरा-दिवाळी उरकली की जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात. ह्या टोळ्यांत जाणाऱ्या ख्रिस्ती घराचा नाताळ उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत जातो आणि उपवासकाळही तेथेच सरतो. पट्टा पडून माणसे परततात, तोवर कधीकधी पुनरुत्थानाचा सणही होऊन गेलेला असतो. धर्मग्रामाच्या नोंदवहीत हे कुटुंब एका गावचे असते, आणि वर्षाचे चार-पाच महिने ते त्या गावी नसते. अशा कुटुंबाची सेवा कशी करावी, हे लुव्हेनच्या किंवा रोमच्या कोणत्या ग्रंथात सापडणार? ते कोपीपुढच्या चुलीजवळच शिकावे लागेल.

आम्ही येथे एक सूचना नम्रपणे मांडतो. गुरुविद्यालयाच्या अभ्यासक्रमात पालकीय अनुभवासाठी जो काळ राखलेला असतो, त्यातील एक हंगाम मराठवाड्यासाठी घडणाऱ्या प्रत्येक तरुणाने ऊसतोड टोळीसोबत काढावा. त्याने पहाटे फडावर जावे, मुलांची शाळा कशी बुडते ते पाहावे, मुकादमाच्या वहीतला हिशेब वाचावयास शिकावे आणि रात्री मराठीत प्रार्थना चालवावी. घरच्यांनीही आपला वाटा उचलावा. सेमिनरीत पाठवावयाचा तो ‘चांगल्या घरचा’ मुलगा, हा कास्त्रोंच्या काळचा समज अजून आपल्या तोंडी असेल, तर तो टाकावा. टोळीतून शाळेत परतलेला, दोन इयत्ता मागे पडलेला मुलगा वेदीसेवक म्हणून पुढे आला, तर त्याला फादरांनी आणि गावाने जवळ घ्यावे, त्याच्या शिक्षणाचा खर्च धर्मग्रामाने वाटून घ्यावा. अमेरिकेसाठी दोन बिशपांनी परक्या शहरात कॉलेज उभे केले. आपल्या बीडसाठी एका मुलाचा खर्च उचलणे आपल्या आवाक्यात खचितच आहे.